एक लांब, दोन आखूड

“वहिनी, तुला परत कुंकू लावावंसं वाटतं का गं?”

विचारलं एकदाचं! प्रश्न खरं तर माझा नव्हताच. प्रेमा आणि मीरा या माझ्या वर्गातल्या दोघी. मधल्या सुट्टीत डबा खाताना दोघींनी मला धरलं. “एवढी धीट झालीस ना तू? मग विचारून दाखव तुझ्या वहिनीला. तिने काय उत्तर दिलं ते सोमवारपर्यंत सांग. नाही विचारलंस तर चिंचा तुझ्याकडून.”

धीट तर मी झालेच होते. नववीपर्यंत वर्गात माझा आवाज फक्त हजेरीला निघायचा. मग वक्तृत्वस्पर्धेत कुणीच मिळेना म्हणून बाईंनी मला ढकललं आणि मी पहिली आले. तेव्हापासून माझ्या तोंडाला कुलूप नाही. मी संस्कृतच्या सरांना वय विचारलंय, बसच्या कंडक्टरशी भांडलेय. वहिनी म्हणजे तर घरचीच, तिला काय घाबरायचं, असं मला वाटलं होतं.

वहिनी जमिनीवर मांडी घालून बसली होती. पुढ्यात कॉम्प्युटर, झाकण काढून उघडा. तिने मान वर केली नाही.

“स्क्रू-ड्रायव्हर दे,” म्हणाली.

मी दिला.

“हा नाही. फुलीच्या तोंडाचा.”

तोही दिला. झालं, एवढंच उत्तर. तिचे कान मात्र लाल झाले होते. पैजेवर विचारायचे प्रश्न वेगळे असतात यार, हे मला तेव्हा कळलं.

आता हा कॉम्प्युटर कुठून आला ते सांगते, कारण नाहूरला आमच्या अख्ख्या सोसायटीत तेव्हा दुसरा नव्हता. माझा मोठा भाऊ नंदूदादा अंधेरीला इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत होता. कंपनीत नवी मशिनं आली, तेव्हा जुन्यातलं एक त्याने मागून घेतलं आणि टॅक्सीत मांडीवर धरून घरी आणलं. नव्या नवरीला आली नसतील एवढी माणसं बघायला आली. आईने त्याच्यावरून नारळ ओवाळला आणि करंडा वहिनीच्या हातात दिला. “घरची लक्ष्मी लावेल कुंकू.”

“पत्र्याला लाव गं,” दादा ओरडला. “आतल्या भागांना नको, नाहीतर वाट लागेल माझी!”

त्यानंतर ती रीतच पडली. नवी फ्लॉपी येवो, नाहीतर साधी वायर, वहिनीने पत्र्याच्या डाव्या कोपऱ्यावर हळदीकुंकू लावल्याशिवाय दादा बटणाला हात लावायचा नाही. हात जोडून उभा राहायचा. “हं मॅडम, परवानगी द्या.” वहिनी करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवायची आणि हसू दाबायची. दोन वर्षांत तो कोपरा देवळाच्या उंबऱ्यासारखा लाल झाला. तो कुणी पुसलाही नाही.

दादाने तिला मशीन शिकवलं. भांडुपच्या छोट्या-छोट्या कारखान्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या तो आणायचा आणि वहिनी दुपारी बसून त्या करायची. हिरव्या अक्षरांत टकाटक. मला ती विमान चालवणारी बाई वाटायची.

श्रावणात दादाला कावीळ झाली. गावठी औषध झालं, मग डॉक्टर झाले, मग हॉस्पिटल झालं. गणपती विसर्जनाला आमच्या घरचं कुणी गेलं नाही, कारण त्या दिवशी आम्ही त्याला पोचवून आलो होतो.

त्यापुढचं मी लिहिणार नाही. फक्त एक. आत्या आली आणि वहिनीला भिंतीशी बसवलं. मला आत जायला सांगितलं होतं, पण मी दाराआडून पाहिलं. आत्याने पदराचं टोक पाण्यात भिजवलं. शेंबूड पुसून घ्यायला लहान मूल तोंड पुढे करतं ना, तशी वहिनीने मान पुढे केली. आत्या रडत होती, आई रडत होती. वहिनी नुसती डोळे मिटून होती. दोनदा पुसावं लागलं, एकदा ओल्या पदराने आणि एकदा कोरड्या. तेव्हापासून आई वहिनीशी बोलते, वाढते, तिला औषध देते, पण तिच्या कपाळाकडे बघत नाही.

कारखानेवाल्यांनी मात्र काम चालू ठेवलं. त्यामुळे वहिनी दुपारी मशीनसमोर बसायची, आणि बसली की बोलायची. “ह्यांनी ही कळ अशी दाबायला सांगितली होती.” “ह्यांना फ्लॉपी उताणी ठेवलेली चालायची नाही.” घरात दादाचा विषय निघायचा तो तेवढाच. आई-बाबांसमोर त्याचं नाव घ्यायची सोय राहिली नव्हती.

लवू, म्हणजे वहिनीचा भाऊ, देवगडहून दोनदा येऊन गेला. “ताईला घेऊन जातो.” बाबांनी दोन्ही वेळा तेच सांगितलं. “तिचं काम आहे इथे. आपल्या पायावर उभी आहे ती. नाही पाठवत.” बाबा मिलमध्ये होते तेव्हापासूनचं त्यांचं एकच मत आहे, ज्याच्या हाताला काम त्याला कुणी ऊठ म्हणायचं नाही.

आणि डिसेंबरात एका संध्याकाळी दिवे भकन मोठे झाले, मग बारीक झाले, आणि कॉम्प्युटरचा पडदा काळा पडला. आतून आवाज आला. एक लांब शिट्टी, मग दोन आखूड. पीऽऽऽप, पिप, पिप. बंद करून चालू केलं, की पुन्हा तेच.

श्यामकांतदादा हा नंदूदादाचा कंपनीतला मित्र. तो आला, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, “हे मशीनचं रडणं आहे. प्रत्येक दुखण्याचं रडणं वेगळं. एक लांब, दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्ड गेलं. पडद्यावर चित्र पाठवतं ते.” लॅमिंग्टन रोडवर शोधून त्याने नवं कार्ड आणलं, पण त्याची शिफ्ट होती. दारातूनच दिलं. “वहिनी, तुम्ही बसवाल ना? नंदूने शिकवलंय तुम्हाला.”

वहिनीने दुपारी एकटीने बसवलं. मी शाळेत होते, आई भजनाला. संध्याकाळी आम्ही सगळे जमलो. नवा भाग घरात आला होता, आणि कुणीही करंड्याचं नाव काढलं नाही. माझ्या लक्षात आलं, पण मीही गप्प बसले. वहिनीने बटण दाबलं. पंखा घुरघुरला.

पीऽऽऽप. पिप, पिप.

पडदा काळा तो काळाच.

आठवडा गेला तरी तेच. कारखान्यांचे निरोप यायला लागले. एकाने काम दुसरीकडे दिलंसुद्धा. जेवताना बाबा म्हणाले, “रविवारपर्यंत बघू. नाही झालं तर श्यामकांत मशीन घेऊन जाईल, सुटे भाग तरी कुणाच्या कामाला येतील.” मग भात कालवत राहिले आणि ताटाकडे बघूनच पुढचं बोलले. “लवूलाही कळवतो. इथे नुसती बसवून तिचं आयुष्य फुकट घालवायचा आपल्याला अधिकार नाही. तिकडे तिची माणसं आहेत.”

“चालेल, बाबा,” वहिनी म्हणाली. ती सगळ्याला चालेल म्हणते.

पण मला नव्हतं चालत! देवगडला लवूच्या दोन खोल्या, त्यात त्याची बायको, तीन पोरं. तिथे वहिनी काजू सोलणार आणि कुणाच्याही शुभकार्याला मागच्या पडवीत बसणार. आणि इकडे मी? दादाबद्दल मी कुणाशी बोलणार होते?

म्हणजे आता तुम्हाला कळलं असेल, की शुक्रवारी मी तो कुंकवाचा प्रश्न विचारला तेव्हा आमची काय अवस्था होती. वहिनीने कार्ड वरून अंगठ्यांनी दाबलं, स्क्रू आवळला, बटण दाबलं. मशीन रडलं. तिने झाकण लावून टाकलं.

मी धावत खाली नलिनीकाकूंकडे गेले. फोन त्यांच्याकडेच. श्यामकांतदादाला कंपनीत लावला.

“कार्ड बाहेर काढून बघितलं का?” त्याने विचारलं.

“वहिनी दाबून बघते रोज.”

“दाबून काय होणार? पूर्ण बाहेर काढायचं. खालच्या कडेला सोनेरी दात असतात, ते खाचेत बसतात. दातांवर मळ असला तर मशीनला कार्ड दिसतच नाही. खोडरबराने पुसायचे. आहे ना खोडरबर?”

“दहावीत आहे मी! दोन आहेत.”

“मग झालं तर, डॉक्टरीणबाई. करा ऑपरेशन.”

नलिनीकाकूंनी फोनवर रुमाल घालत विचारलं, “काय गं, काय म्हणतो तो?”

“दात घासायला सांगितलेत,” मी म्हटलं आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. “वहिनी! झकास उपाय आहे! काढ ते कार्ड!”

“नको,” वहिनी म्हणाली.

मी थांबलेच. वहिनीच्या तोंडून “नको” मी कधी ऐकलं नव्हतं.

“सारखं काढून-घालून तुटेल ते. राहू दे, माणिक.”

“अगं, पण उद्याचाच दिवस आहे! परवा श्यामकांतदादा नेईल उचलून!”

“राहू दे म्हटलं ना.” आणि ती भाजी निवडायला बसली.

शनिवारी शाळा लवकर सुटते. घरी आले तर आई संक्रांतीच्या वाणाचं सामान बघायला मुलुंडला गेलेली, बाबा कामावर. वहिनी दळण घेऊन निघत होती. तिची पाठ फिरली आणि मी दप्तर फेकलं. नंदूदादा म्हणायचा, “आधी प्लग, मग अक्कल.” प्लग काढला. झाकणाचे स्क्रू काढून वाटीत ठेवले. कार्ड दोन्ही बाजूंनी धरून हळूच हलवलं आणि वर ओढलं. बाहेर आलं.

उजेडात धरलं. दात खरंच सोनेरी होते, ओळीने, गळ्यातल्या पोहेहारासारखे. आणि मधोमध त्यांच्यावर कुंकू होतं.

डाग म्हणावा तर तसा नव्हता तो. व्यवस्थित गोल टिळा होता. आधी हळदीचं बोट, त्याच्यावर कुंकवाचं. ओलं लावलेलं, आता वाळून भेगाळलेलं.

पहिल्यांदा मी उडीच मारली. सापडलं! म्हणून रडतंय हे! आणि उडी मारून जमिनीवर टेकेपर्यंत मला सगळं कळलं. आई नव्हती लावणार आत. मी नव्हतं लावलं. त्या दुपारी कार्डाजवळ एकच माणूस होतं घरात.

कालच्या माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या हातात होतं. मी विचारायच्या कितीतरी आधी दिलेलं.

मी कंपासपेटी उघडली. खोडरबर घेतला, आणि हात चालेना. श्यामकांतदादाने सांगितलं तेव्हा किती सोपं होतं! इकडे हे पुसलं नाही तर उद्या मशीन जाणार आणि त्याच्यामागून वहिनी जाणार. आणि पुसायचं म्हणजे? दाराआडून पाहिलेलं मला सगळं आठवलं. आत्यासुद्धा रडतच पुसत होती.

मी पुसलं. कोरडं कुंकू लवकर सुटत नाही. खोडरबराच्या लाल अळ्या पडायला लागल्या, वर्तमानपत्रावर, माझ्या शाळेच्या स्कर्टवर. मी फुंकर मारली तर त्या डोळ्यांत गेल्या. बरंच झालं. डोळे चोळायला कारण मिळालं.

“पुसलंस?”

वहिनी दारात उभी होती. हातात पिठाचा डबा, केसांवर पांढरी भुकटी.

“हो,” मी म्हटलं. कार्ड तिच्यापुढे धरलं.

तिने डबा ठेवला. माझ्याशेजारी बसली. कार्ड हातात घेऊन उजेडात तिरपं धरलं. “कडेला राहिलंय अजून,” म्हणाली. “एवढं राहिलं तरी ओरडेल ते.” आणि माझ्या हातातला खोडरबर घेऊन उरलेलं तिनेच पुसलं. एकेक दात, सावकाश, कार्ड पदराच्या कोपऱ्यात धरून.

“वहिनी, तू आत का लावलंस? दादा म्हणायचा ना, पत्र्याला...”

“पत्र्याला लावलं असतं तर आईंना दिसलं असतं. ताजं कुंकू लगेच ओळखू येतं.” तिने कार्डावर फुंकर मारली. “हे खाचेत गेलं की कुणाला दिसणार, असं वाटलं. कार्ड ह्यांच्या मशीनचं. त्याला पहिल्या दिवशी कोरडं कसं बसवायचं?”

“तुला माहीत होतं, त्याच्यामुळेच चालत नाहीये ते?”

“पहिल्या दिवशी नाही. मग झोपताना एकदम लक्षात आलं.”

“मग काढलं का नाहीस!” मी जवळजवळ ओरडलेच. “देवगडला जावं लागलं असतं तुला!”

“रोज ठरवायचे, आज काढू. स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचे, उघडायचे. आणि नुसतं दाबून झाकण लावायचे.” ती माझ्याकडे न बघता बोलत होती. “ते पुसलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं गं, माणिक. हे तरी आपल्या हाताने पुसायचं नाही, असं वाटत होतं. बघ, शेवटी पुसलंच.”

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. मशीन तसंच उघडं, आम्ही दोघी तशाच. तिच्या पदराला दळणाचा वास येत होता.

मग तिनेच मला उठवलं. “चल. लावू या.”

कार्ड खाचेत बसलं. प्लग लावला. वहिनीने बटणावर बोट ठेवलं आणि सवयीने मागे बघितलं, दादा हात जोडून उभा राहायचा तिथे. तिथे आता कपड्यांची दोरी आहे. तिने बटण दाबलं.

पंखा घुरघुरला. मी कानांवर हात घेतले. पिप. एकदाच, आखूड. आणि पडद्यावर हिरवं टिंब लुकलुकलं.

ते मशीन चालू झालं की आधी तारीख विचारतं. त्याच्यात घड्याळ नाही ना. बंद केलं की सगळं विसरतं. दर वेळी त्याला वाटतं, आज एक जानेवारी १९८० आहे. ती तारीख दाखवून ते थांबतं. आजची खरी तारीख माणसाने सांगायची.

वहिनी त्या १९८० कडे बघत बसली. तेव्हा दादा कॉलेजात होता. ही देवगडला होती. आम्ही तिला माहीतसुद्धा नव्हतो.

“याला काही म्हणजे काही कळलेलं नाही,” ती हळू म्हणाली. मग कळांवर बोटं ठेवली. “आज तारीख काय गं, माणिक?”

मी सांगितली. दादाने शिकवलं होतं तसा तिने आधी महिना घातला, मग दिवस, मग वर्ष. शेवटची कळ दाबायला मात्र तिला खूप वेळ लागला. मी घाई केली नाही.

संध्याकाळी बाबा आले ते दारातच थबकले. हिरवा उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला होता. “चालू झालं? चेडवा, काय केलंस तू?” त्यांनी मला विचारलं.

“धूळ होती, बाबा. खोडरबराने पुसली.”

वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“वा रे माझी इंजिनीअर!” बाबांनी माझ्या डोक्यावर टप्पल मारली, चष्मा काढून पुसला. “सूनबाई, कारखानेवाल्यांना सांगून येतो मी उद्या. लवूला काही कळवायचं नाही आता.”

वहिनी “बरं” म्हणाली. चालेल म्हणाली नाही, हे माझ्या लक्षात आलं.

मागोमाग आलेल्या आईला तर काय करू नि काय नको झालं होतं. पिशव्या तशाच टाकून ती देवाकडे गेली आणि करंडा घेऊन आली. “माणिक, ये गो बाय, तू लाव मशीनला. तुझ्या हाताने सुरू झालं ना, तूच लाव.”

आईने करंड्याचं झाकण उघडलं, आणि वहिनी उठली. तिला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. कुणी बघितलंसुद्धा नाही. खुर्ची न वाजवता सरकवली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली, अर्धी आत, अर्धी बाहेर. इतक्या सराईतपणे, की या चार महिन्यांत ती किती वेळा अशी उठली असेल आणि मी बघितलंच नसेल, असं मला वाटलं.

“लाव ना गो,” आई म्हणाली. “कसली वाट बघतेस?”

पत्र्याच्या कोपऱ्यावर ते जुनं लाल होतं, थरावर थर. माझ्या खिशात खोडरबर होता. प्रेमा आणि मीराला सोमवारी मी चिंचा देऊन टाकणार आहे. वहिनीने काय उत्तर दिलं, ते त्यांना सांगायचं नाही मला.

मी करंड्यात बोट घातलं नाही. कपाळावरची टिकली काढली आणि करंड्याच्या झाकणावर चिकटवली.

“हे काय?” बाबा म्हणाले.

मी दोघांकडे वळून उभी राहिले. 

“आई, बाबा, मी एक ठरवलंय. या मशीनला कुंकू लावायचं तर ते वहिनी लावेल, नेहमीसारखं. आणि तिच्या कपाळाला येईपर्यंत माझ्याही कपाळाला येणार नाही. शाळेत नाही, परवाच्या संक्रांतीला नाही, पुढे कुणी बघायला आलं तरी नाही. तिला लावावंसं वाटतं, आई. मला कसं माहीत, ते मात्र विचारू नकोस.”